यादीतला देविदास

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची कंपनी पूर्वेकडे एका नदीकाठी होती. मी नाईक, कंपनीचा रेडिओ ऑपरेटर. शिपाई देविदास माझ्याच मोहल्ल्यातला, गांधीबागेमागच्या विणकराचा मुलगा. दिवस ठरलेला. पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज उभं राहणं, सातला चहा, मग दुपारपर्यंत खंदक. अंगात थकवा असा मुरला होता की उभ्या उभ्या डोळा लागायचा.

एका सकाळी सहा चाळीसला आम्ही नदी ओलांडत होतो. देविदासच्या गळ्यात गोळी लागली, माझ्यापासून दहा पावलांवर. तो पाण्यात पडला आणि धारेनं गेला. पलीकडे पोचल्यावर मी सेटवर रिपोर्ट दिला.

"वन मिसिंग. ओव्हर."

"बॉडी मिळाली? ओव्हर."

"निगेटिव्ह. ओव्हर."

"मिसिंग लिहितो. आउट."

मी काय पाहिलं ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सुटीवर आल्यावर त्याच्या आईला, सुभद्राकाकीला, मी तोच शब्द सांगितला. पुढे जीभ रेटली नाही. ती वाट पाहत राहिली. मतदारयादी करायला मास्तर दारात आले की ती देविदासचं नाव लिहायला लावायची. "हाय तो. मिल्ट्रीत हाय," म्हणायची.

सहा वर्षांनी मी पेन्शनवर होतो आणि कापडाच्या गोदामावर चौकीदारी करत होतो. विधानसभेच्या निवडणुकीत एका उमेदवारानं मला पोलिंग एजंट केलं. फौजी माणूस टेबलावर झोपणार नाही, असा त्याचा हिशेब. तुम्हा सिव्हिलियन लोकांना ही कामं ठाऊक नसतात म्हणून सांगतो. पोलिंग एजंट म्हणजे केंद्रात बसलेला उमेदवाराचा माणूस. नाव पुकारलं की त्यानं आपल्या यादीत टिक मारायची आणि आलेला माणूस तोच आहे ना, ते पाहायचं. नसला तर दोन रुपये अनामत भरून हरकत घ्यायची. ते चॅलेंज व्होट. मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथं चौकशी करतो.

म्युनिसिपल शाळेत सकाळपासून काम सुरळीत चाललं होतं. दहा वीसला पुकारा झाला देविदासच्या नावाचा.

"मी," एक अनोळखी माणूस म्हणाला आणि शाईसाठी बोट पुढे केलं.

माझं डोकंच फिरलं. दोन रुपये टेबलावर आपटले. "चॅलेंज."

केंद्राध्यक्ष म्हणजे एक म्हातारे हेडमास्तर. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुरावा?"

"देविदास मेला साहेब. गळ्यात गोळी लागली. माह्यासमोर."

तो तोतया स्लिप टाकून मागच्या दारानं सटकला. मी मान वळवली तर बायकांच्या रांगेत तिसरी सुभद्राकाकी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तिनं रांग सोडली नाही. नंबर आल्यावर शाई लावून घेतली, मत टाकलं, मग माझ्या टेबलापाशी आली.

"तुले माहीत होतं गा?"

"हो काकी."

"मंग इतके साल काहून नाही सांगितलं? दर दिवाळीले माह्या हातचं जेवून राहिला तू."

मी खाली यादीकडे पाहत बसलो, आणि त्या दिवशी किती टिका चुकल्या कोण जाणे.

दोन दिवसांनी ती दारात आली. "चाल. त्याचं नाव कापून टाकू. अजून कोणी माह्या पोराच्या नावानं उभं नाही राहिलं पाहिजे."

तहसीलमध्ये कारकुनानं फॉर्म काढला. "नाव कमी करण्याचं कारण?"

"मयत," काकी म्हणाली. हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला.

कारकून यादीतून वाचत लिहू लागला. "देविदास. वय अठ्ठावीस." दर नव्या यादीला त्याचं वय वाढत गेलं होतं.

काकीनं फॉर्मवर हात ठेवला.

"अठ्ठावीस नाही साहेब. बावीस लिहा. बाविसाचाच गेला तो."