मोटारीच्या वतीनं

प्रिय मिहिर आणि आरोही,

गेल्या आठवड्यात मिहिरनं मला एक व्हिडिओ पाठवला. त्यानं हौसेनं घेतलेली जुनी गाडी, आणि ब्रेक दाबला की थडथड हलणारं तिचं स्टिअरिंग. खाली प्रश्न होता, "आजी, आपल्या मोटारीलाही असंच व्हायचं ना? मग काय केलं होतं?" तुमच्या बाबांनी परस्पर उत्तर दिलं, "ड्रम बदलला होता." उत्तर बरोबर आहे, पण पूर्ण नाही. मी जन्मभर शाळेत मुलींना अर्ध्या उत्तराचे अर्धेच गुण देत आले. उरलेलं अर्धं उत्तर ठाऊक असलेली घरात आता मी एकटीच आहे, म्हणून ते लिहून ठेवते.

"मला तहान न्हाई."

आमची मोटार दुरुस्त करणारे मिस्त्री फाटकातून आत आले, की हे वाक्य आधी यायचं आणि नमस्कार मागून. बाहेर उन्हानं डांबर पातळ झालेलं, माणूस गंजगोलाईच्या बाजारामागच्या त्याच्या शेडपासून सायकल मारत आलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि कोणी विचारायच्या आधीच, "मला तहान न्हाई." तो दुष्काळाचा काळ होता. टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा. मला वाटायचं, किती समजूतदार माणूस, लोकांचं पाणी वाचवतो. माझ्या हुशारीबद्दल माझं मत तेव्हा फार चांगलं होतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा झाल्यावर पहिल्यांदा काय येतं, हे तुम्हाला कोणी शिकवलं नसेल. पाट्या येतात. मग साहेब येतात, आणि साहेबांसाठी रस्ते खोदले जातात. पाणी सर्वांत शेवटी येतं. तुमच्या आजोबांची वकिली मात्र जोरात होती, कारण सगळ्यांची भांडणं आता आमच्याच गावात चालणार होती. मी औशाला मुलींच्या शाळेवर मुख्याध्यापिका होते आणि रोज मोटारीनं जायचे. ती मोटार तुमच्या पणजोबांनी हैदराबादेत घेतलेली, काळी, विलायती, माझ्यापेक्षा वयानं थोडीच लहान. मोटार चालवणारी बाई त्या रस्त्यावर मी एकटीच होते, त्यामुळे माझी चूक पाहायला लोक उत्सुक असायचे.

त्या उन्हाळ्यात ती थरथरायला लागली. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हाताला झटके द्यायचं आणि पायाखालचं पेडल वरखाली नाचायचं. आजोबांनी एकदा शेजारी बसून अनुभव घेतला आणि तिथल्या तिथे निकाल दिला.

"मोटारीत दोष नाही. तू ब्रेक दाबत नाहीस, ब्रेकवर उभी राहतेस."

"मिस्त्रींना दाखवू," मी म्हटलं.

"दाखव. पण थरथर राहिली तर मोटार विकायची आणि तू एसटीनं जायचं. उदगीरचं एक गिऱ्हाईक विचारतंय."

एसटीनं मला काही कमीपणा नव्हता. पण ती मोटार गेली असती, तर सगळ्या गावाला जे कारण सांगितलं गेलं असतं, ते मला ठाऊक होतं. ते कारण म्हणजे माझा पाय.

मिस्त्री पूर्वी नांदेडला एसटीच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम करायचे. त्यांच्या तपासणीची एक पद्धत होती. गाडीत बसण्याआधी चपला काढायच्या आणि त्या जोडीनं, टाचेला टाच लावून, बाहेर ठेवायच्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. मग ड्रायव्हरशेजारी बसून दोन्ही अनवाणी तळवे फरशीवर टेकवायचे आणि डोळे मिटायचे.

"बाई, घ्या चाळीसवर. आता दाबा. सोडा. आता पुन्हा दाबा, पण हळू, मांजराच्या पावलानं."

आम्ही औशाच्या रस्त्यावर तीनदा गेलो आणि आलो. रस्त्याच्या कामावरच्या बाया खडी फोडणं थांबवून, डोळे मिटून बसलेल्या माणसाला फिरवणारी ही बाई पाहत होत्या.

"पुढचं डावं," ते डोळे उघडून म्हणाले. "माझ्या डाव्या टाचेत मुंग्या येऊन राहिल्या."

मी माझी वही पुढे केली. तारीख, वेग, थरथर किती, असं सगळं मी आखून लिहिलं होतं. त्यांनी ती आदरानं हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि परत दिली. "लई सुबक अक्षर हाय," ते म्हणाले.

शेडमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो एका चौकटीत होता. त्याखाली बसून त्यांनी चाक उतरवलं, आतला ब्रेकचा ड्रम फिरवला आणि खडू त्याच्या कडेजवळ हलकाच धरला. ड्रम गोल असता तर खडूची रेघ पूर्ण उठली असती. ती दोनच ठिकाणी उठली. "बघा, ड्रम आउट हाय. वाकडा झाला. लोखंड वाकतं, बाई, तुमचा पाय न्हाई." त्यांनी तो लेथवर कातून सारखा केला, नवे लायनर बसवले, आणि मोटार लोण्यासारखी थांबायला लागली. मी तीन दिवस आजोबांकडे विजयी नजरेनं पाहिलं.

बाराव्या दिवशी थरथर परत आली.

आता आजोबांनी दोन आरोपी उभे केले, माझा पाय आणि मिस्त्रींचा हात. "मिस्त्री," ते म्हणाले, "तुमची बाजू मांडा."

"वकीलसाहेब, पुन्हा कातला तर ड्रम पातळ व्हईल. हैदराबादेत जुन्या बाजारात ह्या गाडीचा एक ड्रम हाय, एकच. मागवतो. पण आधी कारण, मग ड्रम. न्हाई तर तोबी वाकडा व्हईल."

"मग तीन आठवडे देतो. नवा ड्रम बसवल्यापासून तीन आठवडे थरथरली नाही, तर मोटार राहील."

"चालतंय," मिस्त्री म्हणाले. तहान नसल्याचं सांगून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून येताना ते आमच्या कुंपणाच्या भिंतीवर बसले होते. त्यांना ड्रम गरम असतानाच हाताला कसा लागतो, ते पाहायचं होतं. मी मोटार ओट्याला लावली, आणि रोजच्यासारख्या माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, पितळी तांब्या घेऊन बाहेर आल्या.

त्यांची ही रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे बाहेरून आलेल्याच्या पायावर पाणी घालायचे, रानातून आलेल्या बैलांच्याही. मोटार पहिल्यांदा घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या चाकावर पाणी घातलं होतं. पुढे एकदा मोटार नादुरुस्त होती म्हणून सासरे दुसऱ्याच्या जीपमधून निलंग्याला गेले, वाटेत छातीत कळ आली आणि ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून मोटार घरी आली, की सासूबाई चाकावर पाणी घालायच्या. ती आली एवढं त्यांना पुरे होतं. त्यांना त्याबद्दल कोणी कधी काही बोललं नाही.

आधीच्या सुकाळात त्या भसकन पाणी फेकायच्या. ते टायरवर पडून वाहून जायचं. दुष्काळात त्यांनी काटकसर केली. स्वतःच्या वाटणीतला एकच तांब्या, आणि त्यातला थेंबही वाया जाऊ नये म्हणून बारीक धार, थेट चाकाच्या मध्यावर. ओट्याकडचं पुढचं डावं चाक. त्याची निकेलची टोपी खोदलेल्या रस्त्यात कधीच पडून गेली होती. खडीच्या ढिगांपाशी ब्रेक दाबत आल्यानं तापलेला ड्रम उघडाच होता. धार पडली आणि चर्र आवाज झाला. तापलेलं लोखंड एकाच जागी असं गार झालं, की वाकतं.

मी रोज तो आवाज ऐकत होते. माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती.

मिस्त्रींनी आवाज ऐकला, माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि सायकल घेतली. मला वाटलं, ते उद्या आजोबांना सांगणार. मला सुटल्यासारखंही झालं, आणि सासूबाईंचं तोंड डोळ्यांसमोरही आलं. माझा पाय सुटायचा असेल, तर त्यांचा तांब्या पकडला जाणार होता.

हैदराबादेहून ड्रम आला. मिस्त्रींनी तो बसवला. त्या संध्याकाळी मी मोटार ओट्याला लावली, आणि सासूबाईंनी तांब्या कलता करायच्या आत मिस्त्री भिंतीवरून उतरून चाकासमोर उभे राहिले.

"माय, तहान लागली," ते म्हणाले. "ते पाणी मला द्या."

आमच्या ओट्याच्या कोनाड्यात एक जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला असायचा. तो कुणासाठी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. मीही नाही. मी मुलींना समतेवर इंग्रजीत निबंध लिहायला सांगायचे आणि घरी येऊन त्या कोनाड्यासमोरून आत जायचे. सासूबाईंनी पेल्याकडे पाहिलं. मिस्त्रींनीही पाहिलं. त्यांना आमच्याकडे तहान का लागत नसे, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते कळायला इतकी वर्षं लागावीत याची लाज वाटली.

"पेला नको, माय," मिस्त्री म्हणाले. "ओतताना सांडलं तर पाणी वाया जाईल. दिवस कसे हाईत."

"हे मोटारीचं पाणी आहे," सासूबाई म्हणाल्या.

"तेच तर. मी मोटारीच्या वतीनं पितो. वकीलसाहेबांना इचारा, कायद्यात चालतंय."

दारात उभे असलेले आजोबा खटल्याचे कागद हातात तसेच धरून म्हणाले, "चालतं. मुखत्यारपत्र लागतं, पण तोंडीही चालतं."

सासूबाईंनी तांब्या पुढे केला. मिस्त्रींनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि रिकामा केला. मग सासूबाईंनी तो ओट्याखाली राखेनं दोनदा घासला. मिस्त्री चपला घालत होते. त्यांनी तेही पाहिलं.

पुढचे तीन आठवडे ते रोज संध्याकाळी त्याच वेळेला यायचे. आजोबांना सांगायचे, "चाचणी चालू हाय." पाणी प्यायचे, चाकाला हात लावून सासूबाईंना "थंड हाय, पोटात गेलं" म्हणायचे आणि जायचे. एकदा त्यांना उशीर झाला. सासूबाई तांब्या घेऊन चाकाजवळ उभ्या राहिल्या, पण पाणी घातलं नाही. सायकल फाटकात शिरली तेव्हा म्हणाल्या, "कुठं राहिला होतास? मोटार तहानली की."

"माफी करा, माय. साहेबाच्या जीपची किल्लीच हरवली होती. जिल्हा नवा, किल्ल्या जुन्या."

शेजारच्या काकूंना त्या ऐटीत सांगायच्या, "आमच्या मोटारीचं पाणी मिस्तरी पितो, तिच्या वतीनं." ड्रमचं कारण त्यांना कळलं होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. तांब्या राखेनं घासणं त्यांनी सोडलं नाही. दोनदाऐवजी एकदा घासायला लागल्या. कोनाड्यातला पेला मात्र एक दिवस मी उचलला आणि भांडीवालीला दिला. तो कुठे गेला, असं घरात कोणी विचारलं नाही.

बाविसाव्या दिवशी आजोबांनी स्वतः मोटार काढली, औशाच्या रस्त्यावर चाळीसवर घेतली आणि ब्रेक दाबला. मोटार शांत थांबली. घरी येऊन ते मिस्त्रींना म्हणाले, "कारण काय होतं, ते लेखी द्या."

"कारण माफ करा, साहेब," मिस्त्री म्हणाले. "बाईंचा पाय न्हवता, एवढं लिवून घ्या."

आजोबांनी खरंच लिहून घेतलं. त्यानंतरही सासूबाईंनी चाकावर पाणी घातलं नाही; मिस्त्री नसले, की मोटारीच्या वतीनं मी प्यायचे.

पुढे कलेक्टर कचेरीकडचा रस्ता रुंद झाला आणि मिस्त्रींची शेड गेली. "जिल्ह्याला जागा लागते," एवढंच ते म्हणाले, आणि मुलीकडे नांदेडला गेले. मी वर्षानुवर्षं परीक्षेच्या कामाला नांदेडला जात होते. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले, ती ते वारल्याचं कळल्यावर. त्यांची मुलगी गणित शिकवते. तिनं मला पाणी दिलं. मी ते प्याले आणि काय बोलावं, ते सुचेना म्हणून त्या तीन आठवड्यांचा विषय काढला.

ती हसायला लागली. "बाबा सांगायचे ना! म्हणायचे, त्या मायचं पाणी लई मचूळ होतं. रोज कसंबसं गिळायचो. पण ड्रम एकच होता."

सासूबाई नाहीत, तुमचे आजोबा नाहीत, मिस्त्री नाहीत, त्यांच्या शेडच्या जागी रस्ता आहे. मोटार मागच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये उभी आहे. पुढच्या डाव्या चाकात अजून तोच ड्रम आहे.

तुमची,
आजी