व्याह्यांनी पाठवलेला काढा

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं आयुष्य सुरतेत लूमच्या खडखडाटात गेलं. त्यामुळे मोबाईलवरचं खरंखोटं मला शिकवायला आमच्या डिंडोली भागात कुणीही येतं. मी ऐकून घेतो. मानतोच असं नाही.

यंदा उन्हाळ्यात बायकोनं बीपीची गोळी बंद केली. का म्हणून विचारलं, तर मोबाईल पुढे धरला. पांढऱ्या कोटातला एक माणूस सांगत होता, गोळ्या फेका, हा काढा प्या. खाली बातम्यांसारखी पट्टी फिरत होती.

"कोट कुणीही शिवून घेईल. सुरतेत कापडाला काय तोटा?" मी म्हणालो.

"व्याह्यांनी पाठवलंय."

इथं घोडं अडलं. मुलीच्या सासऱ्याला आमच्यात उलटून विचारत नाहीत. त्याचा राग मुलीवर निघतो म्हणतात. इकडे हिचं डोकं ठणकायचं, जिना चढताना भिंत धरायची, तरी काढा चालूच.

सकाळी मी भेस्तानला व्याह्यांकडे निघालो.

"पोरीचं घर आहे, तोंड सांभाळा."

"तू तुझं डोकं सांभाळ."

चहा घेता घेता व्याह्यांना सरळ विचारलं, "तो कोटवाला कोण? कुठल्या दवाखान्यातला?"

"मला काय ठाऊक? मला आलं, मी पुढे धाडलं. चार लोकांचं भलं."

"तुम्ही सोडली का गोळी?"

व्याह्यांनी बशी तोंडाला लावली. आतून विहीणबाई हसल्या. "ते कशाला सोडतील? गोळी घेतल्याशिवाय नाश्त्याला बसत नाहीत."

मी जागचा हललो नाही. "आमच्या हिनं मात्र तुमचा व्हिडिओ बघून सोडली. तिला तुम्हीच फोन करा. माझं ती ऐकत नाही."

"मी खोटा पडेन ना, व्याही."

"पडा. ती जिन्यावरून पडण्यापेक्षा बरं."

त्यांनी बशी बाजूला सारली. मग हिला फोन लावला. "विहीणबाई, ते मी न बघता पाठवलं होतं. आधी डॉक्टरांना दाखवा."

संध्याकाळी दाखवलं. बीपी बरंच चढलेलं निघालं. डॉक्टरांनी दोघांनाही झापलं, गोळी पुन्हा चालू केली आणि तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघायला लावला. शेवटी काढ्याची पावडर मागवायचा नंबर होता. तिथवर आमच्यापैकी कुणी पोचलंच नव्हतं.

मुलीला सासरी कुणी काही बोललं नाही. व्याह्यांकडून अजून काहीबाही येतं. बायको ते जपून ठेवते, डॉक्टरांना विचारायला. गोळी मात्र रोज घेते. गिळेपर्यंत मी समोरून उठत नाही.