भिंतीपलीकडची गिरणी

रामहरी आमच्या उमरग्याच्या कॉलेजात कारकून आणि मी तिथंच मराठीचा मास्तर. माणूस तसा अबोल, पण माइक हातात आला की वेगळाच व्हायचा. बाप मेंढरं घेऊन माळानं हिंडणारा. लांब गेलेल्या मेंढराला हाळी घालून घालून लहानपणीच आवाज मोकळा झाला, असं तो सांगायचा. स्नेहसंमेलनाचं निवेदन कायम त्याच्याकडं असे.

टाळेबंदीत कॉलेज बंद पडलं तेव्हा शिवांजली नावाच्या आमच्या विद्यार्थिनीनं त्याला फोन केला. ती जन्मापासून आंधळी. परीक्षेची तयारी करत होती आणि पुस्तक वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं. "सर, इतिहासाचा एक धडा मोबाइलवर वाचून पाठवाल का?" एवढंच तिनं विचारलं. रामहरीनं धडा पाठवला, मग दुसरा, मग सबंध पुस्तकच. शिवांजलीनं ते मैत्रिणींना दिलं, त्यांनी पुढं दिलं. वर्षभरात पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं: अंध विद्यार्थ्यांसाठी आम्ही पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो, तुम्ही आमच्यासाठी वाचाल का?

ते पत्र त्यानं मला तीनदा वाचून दाखवलं. नमुना म्हणून चार पानं वाचून पाठवली, आणि आठ दिवसांत ती परत आली. वाचन उत्तम, पण मागं ट्रकचे हॉर्न आहेत आणि सतत घरघर आहे. खोली शांत करून पुन्हा पाठवा.

आता उमरग्यात शांत खोली आणायची कुठून? सोलापूर-हैदराबाद रस्ता त्याच्या घरापासून एक गल्ली सोडून. तरी तो हटला नाही. मागची आठ बाय दहाची खोली त्यानं स्टुडिओसाठी मोकळी केली. आधी अंडेवाल्याकडनं पुठ्ठ्याचे ट्रे आणून भिंतींना चिकटवले. खोलीतला घुमारा कमी झाला, बाहेरचे ट्रक मात्र होते तसेच ऐकू येत राहिले. मग त्याच्या ध्यानात आलं, की जिथनं वारा आत येतो तिथनंच आवाज येतो. त्यानं खिडकी विटांनी बुजवली, वायरीची भोकं सिमेंटनं लिंपली. पातळ दार काढून सागवानी जड दार बसवलं, चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी मारली. भिंतींवर वाकळा टांगल्या. पंख्याचाही आवाज यायचा म्हणून तो बंद. एप्रिलच्या उन्हाळ्यात तो बनियनवर बसून वाचायचा आणि पानावर घाम पडू नये म्हणून मांडीवर टॉवेल ठेवायचा. त्याची बायको मंजुषा मला म्हणाली होती, "आत भट्टी पेटलीय सर, अन् हे तिच्यात बसून भूगोल वाचतेत."

ट्रक गेले. घरघर मात्र राहिली.

ती महांतप्पांच्या गिरणीची होती. दोन्ही घरांची भिंत सामाईक. भिंतीच्या अलीकडं रामहरीची खोली, पलीकडं गल्लीतल्या दीडशे घरांचं दळण दळणारी पिठाची गिरणी. महांतप्पा साठीच्या पुढचे, भुवयांवर कायम पीठ. बोलताना मधेच कानडी यायची. रामहरीला ते 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ.

रामहरीनं अडचण सांगितली तर महांतप्पाच म्हणाले, "त्यात काय एवढं तम्मा? तू वाचायला बसलास की दोरीवर लाल कपडा टाक. कपडा दिसला की मी मशीन बंद करतो. वाचून झालं की कपडा काढ."

आणि खरंच तसं चाललं. मंजुषा दोरीवर लाल टॉवेल टाकायची, पलीकडं पट्टा थांबायचा. डबे घेऊन आलेल्या बाया ओट्यावर टेकायच्या. कुणी कुरकुर केली तर महांतप्पा म्हणत, "दम धरा बाई. आत आंधळ्या लेकरांसाठी वाचन चाललंय." बायाही गप्प बसायच्या. दोन वर्षं हे असं चाललं. दोन वर्षं एक माणूस शेजाऱ्यासाठी आपला धंदा दिवसातून तासभर थांबवत होता, आणि आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

संस्थेला वाचन आवडलं, पुस्तकं वाढली. तासाचे तीन तास झाले. रामहरी कॉलेजातनं दुपारी घरी आला की टॉवेल दोरीवर, तो थेट दिवेलागणीपर्यंत. शेवटी दिवाळी तोंडावर आली. भाजणीचे आणि बेसनाचे डबे गिरणीच्या दारात रांगेनं लागलेले. त्या दुपारी टॉवेल दोरीवर असताना मशीन सुरू झालं.

रामहरी तरातरा बाहेर आला. मी तेव्हा त्याच्याच ओसरीत चहा पीत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"अप्पा, कपडा दिसंना का तुम्हाला?"

"दिसतोय की. पण ह्या बाया सकाळधरनं बसल्यात तम्मा. आजचा दिवस चालू दे."

"माझं अर्धं प्रकरण वाया गेलं. दळण उद्या बी होतंय!"

"दिवाळी उद्याच हाय की रे."

त्यावर रामहरी जे बोलला ते बोलायला नको होतं. अडाणी माणसाला पुस्तकाची किंमत काय कळणार, असं तो चार बायांसमोर म्हणाला. महांतप्पांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि पुढचा डबा ओतला.

दिवाळी झाल्यावर रामहरी माझ्याकडं आला. गिरणीविरुद्ध नगरपालिकेत तक्रार अर्ज द्यायचा म्हणाला. मी त्याला अडवायला पाहिजे होतं. महांतप्पांकडं जाऊन दोन शब्द बोल, एवढं तरी म्हणायला पाहिजे होतं. पण मलाही तेव्हा आंधळ्या मुलांची पुस्तकं मोठी वाटत होती आणि दळण बारकं. शिवाय कुणी लिहून मागितलं की मला हुरूप यायचा. दाट वस्तीत बेकायदा चालणारी गिरणी, तिच्या कर्कश आवाजानं होणारा त्रास, ज्ञानदानाच्या कार्यात येणारा व्यत्यय, असं सगळं मी दीड पानात बसवलं. 'व्यत्यय' हा शब्द तीन वेळा आला होता, तर दोन ठिकाणी बदलला. सही रामहरीची.

आठ-दहा दिवसांत नगरपालिकेतनं माणूस आला आणि अर्जाची प्रत महांतप्पांच्या हातात ठेवून गेला. गिरणीच्या परवान्याची मुदत कधीच संपलेली निघाली. गल्लीतले लोक म्हणाले, अप्पा, नवीन परवाना काढा, आम्ही येतो संगं. महांतप्पांनी काही केलं नाही. आठवड्यात मशीन विकलं. टेम्पोत चढवताना जात्याचा वरचा दगड त्यांनी स्वतः धरला होता. टेम्पो गेल्यावर ते रामहरीच्या दारात आले आणि म्हणाले, "तम्मा, आता कपडा टाकायची गरज न्हाय." पुढच्या महिन्यात महांतप्पा आणि त्यांची बायको घराला कुलूप लावून मुरूमला, लेकाकडं राहायला गेले.

खोली शांत झाली. रामहरीनं दीड वर्षात अकरा पुस्तकं वाचली. संस्थेनं कौतुकाचं पत्र पाठवलं. गल्लीतल्या बाया दळणासाठी मोठा रस्ता ओलांडून पलीकडं जाऊ लागल्या, आणि मंजुषाशी पहिल्यासारखं कुणी बोलेना. रामहरी म्हणायचा, बोलतील हळूहळू.

मग संस्थेकडनं शुभांगी नावाची बाई आली. ध्वनिमुद्रण शिकलेली, वय पस्तिशीच्या आतबाहेर. एवढा स्वच्छ आवाज घरातल्या खोलीतनं कसा येतो, हे तिला बघायचं होतं. मीही गेलो होतो. तिनं दार उघडून-मिटून बघितलं, बुजवलेल्या खिडकीवर टिचकी मारली, शाबासकी दिली. रामहरीनं मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं, आणि शेवटी शेजारच्या गिरणीचंही.

ती सहज म्हणाली, "पण गिरणीचा आवाज हवेतून येतच नव्हता ना. तो जमिनीतून येत असणार. मशीन काँक्रीटच्या कट्ट्यावर घट्ट बसवलेलं, कट्टा भिंतीला जोडलेला, भिंत तुमची. म्हणून घरघर. मशीनखाली जाड रबर टाकून कट्टा भिंतीपासून चार बोटं सोडवला असता, तर बरीचशी थांबली असती. तसं करून बघितलं नव्हतं का?"

रामहरी गिरणीकडच्या भिंतीकडं बघत राहिला. तिला वाटलं त्याला कळलं नाही, म्हणून तिनं वहीत आकृती काढून दाखवली आणि पान फाडून त्याला दिलं. दोन-तीन दिवसांचं काम, म्हणाली. बिचारीला काय माहीत. चहा पिऊन ती निघून गेली. रामहरी वहीतलं ते फाडलेलं पान हातात धरून बसला होता.

"सर," तो म्हणाला, "इकडं खिडकी बुजवली, दार बदललं, सगळं केलं. पण म्या एकदा बी पलीकडं जाऊन मशीन बघितलं न्हाय."

त्या रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर मुरूमला गेलो. महांतप्पा लेकाच्या घरापुढं बाजेवर बसले होते. भुवया आता नुसत्याच पांढऱ्या. बसा म्हणाले, सुनेला चहा ठेवायला सांगितला, मंजुषाची चौकशी केली. रामहरीनं ते पान काढलं आणि अडखळत सगळं सांगितलं. रबर, कट्टा, भिंत.

महांतप्पांनी पान हातात घेतलं नाही. "ठाव हाय मला," ते म्हणाले. "जात्याला टाकी लावायला, झिजलेला दगड खरबरीत करायला फिटर यायचा, त्यो म्हणला होता. कट्टा फोडावा लागंल, चार दिवस गिरणी बंद ठेवावी लागंल. दिवाळीत कशी ठेवणार? म्हणलं दिवाळी झाली की करू, मग तम्माला तो कपडा टाकायचा ताप न्हाय. रबर आणून ठेवलं होतं म्या."

रामहरीचा चेहरा बघवत नव्हता. "मग सांगितलं का न्हाई अप्पा? एका शब्दानं?"

"सांगणार होतो. तेवढ्यात कागद आला." महांतप्पा म्हणाले. "तू आला असतास तर तुला सांगितलं असतं. कागदाला काय सांगू?"

मग ते माझ्याकडं वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "लेकानं वाचून दाखवला मला. मराठी लई चांगली होती त्यातली, सर."

अर्ज मी लिहिला होता हे त्यांना कुणी सांगितलं, की त्यांनीच ओळखलं, ते मला आजवर कळलं नाही. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. कपातला संपला तरी पीत राहिलो.

रामहरीनं त्यांचे पाय धरले. परत चला म्हणाला, परवान्याची धावपळ मी करतो, मशीन मी बघतो. महांतप्पांनी त्याला उठवून बाजेवर बसवलं. "आता न्हाय होत. हात थरथरतेत. तू वाच. लेकरांचं थांबवू नको." माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत.

त्यानंतर दोन महिने रामहरीनं खोलीचं दार उघडलं नाही. शिवांजलीचा फोन आला, पुढचं पुस्तक कधी म्हणून, तेव्हा तो पुन्हा बसू लागला. अजून वाचतो. पण संस्थेनं सत्कारासाठी पुण्याला बोलावलं तर गेला नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांचे डबे तो आता कॉलेजला जाताना मोटरसायकलवरनं पलीकडच्या गिरणीत पोचवतो. बाया डबे देतात. बोलत फारशा नाहीत.

महिन्यातनं एक-दोनदा तो मुरूमला जातो. महांतप्पा पाऊसपाणी विचारतात, ज्वारीचं कसं काय विचारतात, गिरणीचा विषय काढत नाहीत. जाताना तो मला दरवेळी विचारतो, "सर, येता का?"

काहीतरी कारण सांगून मी घरीच राहतो.