जबड्यावरची हळद

लग्न ठरलं तशी माझी लेक झोपेत दात खायला लागली. सकाळी जबडा इतका आखडलेला असायचा की पोहे चावतानाही डोळ्यांत पाणी यायचं. दंतवैद्यानं रात्री दातांवर घालायला साचा दिला. मी लग्नाच्या धावपळीला बोल लावला, नवऱ्यानं मोबाइलला. खरा इलाज केला तो माझ्या मोठ्या जावेनं.

जाऊबाई रामटेककडच्या. दीर गेल्यापासून आमच्याकडेच असतात. लेक त्यांना मोठी आई म्हणते. आम्ही सीताबर्डीची खरेदी आटोपून आलो की त्या तिला पुढ्यात बसवायच्या, तिळाचं तेल कोमट करायच्या आणि कानापुढून हनुवटीपर्यंत सावकाश बोटं फिरवायच्या.

"दात काहून खाऊन राहिली वं? सासर का चावून खायचं हाये?"

लेक हसायची, की त्या लगेच कानशिलांकडे वळायच्या. मला एवढा धीर कुठला! माझं लक्ष निम्मं फोनमध्ये. त्या मात्र तिचा खालचा ओठ सैल पडेपर्यंत उठायच्या नाहीत. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, आणि थोडा हेवाही.

हळदीच्या दिवशी सवाष्णी जमल्या. गालांना बोटं टेकवली, फोटो काढले, झालं. लेकीचा जबडा पुन्हा आखडला. पेढा भरवायला गेले तर तोंडच उघडेना.

"मोठी आई कुठंय?" ती कशीबशी म्हणाली.

जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मले नको बोलावू बाई. आज माह्या हातानं नाही लावत."

नणंदेनं माझ्याकडे बघून डोळे वटारले. मी हळदीची वाटी उचलली आणि सरळ जाऊबाईंच्या हातात दिली. "रोज करता तसंच करा. बाकीच्यांचं मी बघून घेते."

त्या बसल्या. बोटं कानापुढून निघाली, घाई न करता खाली आली. हळूहळू लेकीचं तोंड उघडलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. जाऊबाई रडल्या नाहीत. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, गालांचे स्नायू ताणलेले. लेकीनं ते पाहिलं आणि हळदीनं माखलेले दोन्ही हात त्यांच्या जबड्यावर ठेवले.

"मोठी आई, हलू नको," ती म्हणाली आणि चोळायला लागली.

दीर गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या गालांना हळद लागली होती. त्यांनी ती दिवसभर पुसली नाही.