लाल्याला मिशी असते

लेक तिसरीत होती. त्या वर्षी दिवाळीआधी महिनाभर तिनं घरात कुणाला धड झोपू दिलं नाही. रोज किंचाळून उठायची, 'आला, आला' करायची आणि माझ्या पदराला असा पीळ घालायची की सकाळी तो सोडवत बसावं लागे. कोण आला, हे मात्र सांगायची नाही. विचारलं की दातखीळ. शाळेत सतरंजीवर मान टाकून झोपायची. गुरुजींनी मला बोलावून घेतलं. 'रात्री टीव्ही पाहू देत जाऊ नका तिले,' म्हणाले. आमच्याकडे टीव्ही होता कुठे!

सल्ले मात्र उदंड. सासूबाईंनी तिच्या उशाखाली विळा ठेवला. त्यानं स्वप्न काही पळालं नाही, अंथरूण काढताना माझं बोट तेवढं कापलं. जावेनं मुकुटबनच्या बाजारातून काळा दोरा आणला. मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचाचांनी ताईत दिला, तो तिनं मन लावून चावला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मीही काही कमी नव्हते. एकदा वैतागून तिच्या पाठीत धपाटा घातला. त्याची मला अजून लाज वाटते.

मग एका दुपारी शेजारचे काका कुंपणावरूनच ओरडून सांगत गेले, 'लाल्या तुमच्या वावराच्या धुऱ्यापर्यंत आला बरं! माह्यं तं सारं वावर खाल्लं त्यानं.' अंगणात खेळणारी लेक घरात पळाली आणि आतून कडी लावून बसली.

'दार उघड. काय झालं?'

'लाल्या आला. मले न्यायले.'

'कोण लाल्या?'

'मिशीवाला.'

मी कपाळावर हात मारून घेतला. कपाशीची पानं लाल पडून झाड वाळतं, त्या रोगाला आमच्याकडे लाल्या म्हणतात. तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता. लाल्या इकडे शिरला, लाल्यानं त्याला बुडवलं. नाव निघालं की तिच्या बाबांचा घास हातातच राही. पोरीला तो माणूस वाटला. मिशी तिनं पदरची लावली. विळा झाला, दोरा झाला, ताईत झाला, पण लाल्या म्हणजे काय, हे तिला सांगायचं आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

तिला बखोटीला धरून वावरात नेलं. एक लाल पान तोडून हातात दिलं. 'घे. हाच तुहा लाल्या.'

तिनं ते उलटून-सुलटून पाहिलं. 'एवढासा? मंग बाबा याले काहून भेतात?'

'गप चाल घरी,' मी खेकसले.

त्या रात्री ती महिन्याभरानं गाढ झोपली. पहाटे तिचे बाबाच दचकून उठून बसले, अंगाला घाम सुटलेला. मी काही बोलणार, तेवढ्यात लेकीनं अर्धवट झोपेत त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

'पान आहे ते, बाबा,' ती म्हणाली. 'झोपा.'