क्योटोला दोन मिनिटं

माणिकपूरच्या चंद्रहास मयेकरांना कुणी "साधारण किती वाजता येताय?" असं विचारलं की त्यांचं टाळकं सटकायचं. साधारण हा शब्दच त्यांना मान्य नव्हता. वालीवच्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे घडवले होते. तिथे केसाएवढी चूक झाली तरी महिन्याभराची मेहनत भंगारात जायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण अजूनही हा माणूस चहात साखर घालताना चमचा बोटाने सपाट करून घ्यायचा. त्यांची बायको मीराताई हे सगळं हसत चालवून घ्यायची. खरं कसबी काम त्या घरात कोण करत होतं, हे शेजाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी क्षितिजा टोकियोत नोकरीला होती. नोव्हेंबरात दोघांनी तिच्याकडे जायचं ठरलं. टोकियो लेकीसाठी, पण क्योटो मीराताईंसाठी. कारखान्याला जपानी यंत्रं विकणारा व्यापारी दर वर्षी एक मोठं कॅलेंडर द्यायचा, आणि त्यात क्योटोची देवळं, बागा, लाकडी पूल असत. वर्ष संपलं की मीराताई ती पानं कापून ठेवत. शाळेत चित्रकला शिकवताना मुलांना दाखवत. "एकदा ह्या पुलावर उभं राहायचंय मला," असं त्या तीस वर्षांत दोनदाच म्हणाल्या असतील. त्या बाईने कधी कशासाठी हट्ट धरला नाही, म्हणून चंद्रहासरावांनी ते दोनही वेळचं लक्षात ठेवलं होतं.

अडचण एवढीच होती की क्षितिजाला सुट्टी नव्हती. क्योटोला दोघांनीच जायचं होतं. ती घराजवळच्या स्टेशनावर त्यांना गाडीत बसवून देणार, मग टोकियोच्या मोठ्या स्टेशनात उतरायचं, चालत दुसऱ्या टोकाला जायचं आणि बुलेट ट्रेन पकडायची. ती सव्वादोन तासांत क्योटोला पोचते. चंद्रहासरावांनी आलेखाच्या वहीत सगळं आखलं. फुजी पर्वत उजव्या हाताला दिसतो, म्हणून खिडकीची जागा त्या बाजूची आणि ती मीराची. हे झालं सुखाचं. पण क्योटोला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, हे कळलं आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. नाही उतरलो तर थेट ओसाका.

मग सुरू झाला सराव. रोज संध्याकाळी दोन्ही बॅगांत पाच-पाच किलो तांदूळ भरायचे, इमारतीच्या फाटकापासून वसई रोड स्टेशनापर्यंत चालायचं, पूल चढायचा, उतरायचा आणि परत यायचं. हातात मोबाइलचं घड्याळ चालू. रिक्षा स्टँडवरचे लोक पहिले दोन दिवस "भाऊ, गावाला का?" असं विचारत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी नाद सोडला. मीराताई मात्र बॅग खांद्याला लावून निमूट बरोबर चालायच्या.

पहिल्या आठवड्यात एकोणीस मिनिटं लागली. दुसऱ्या आठवड्यात एकवीस. तिसऱ्यात चोवीस झाली आणि चंद्रहासरावांच्या मनात पाल चुकचुकली. कारण उघड होतं. मीरा थांबत होती. कधी चपलेचा पट्टा नीट करायला, कधी रस्त्यावरच्या टोपलीतली वांगी बघायला, आणि पुलाच्या निम्म्या पायऱ्यांवर तर रोजच. "जरा थांबू या हो," म्हणायची आणि कठड्याला टेकून खालचे रूळ बघत राहायची. वांगी घ्यायची तर नसायचीच. चंद्रहासरावांनी वहीत बारीक अक्षरात लिहिलं: 'मीरा. गुडघे?'

तिला विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. तिने आयुष्यात कधी दुखणं सांगितलं नव्हतं, मग आता तरी कशी सांगेल? परक्या देशात, त्या दोन मिनिटांत ती दारात अडखळली तर? ह्या विचाराने त्यांची झोप उडाली. शेवटी बुधवारी गच्चीवर जाऊन त्यांनी क्षितिजाला फोन लावला.

"क्योटोची तिकिटं काढू नकोस," ते म्हणाले. "आईच्याने नाही होणार. गुडघे गेलेत तिचे. तिला सांग, तिकिटं मिळाली नाहीत."

क्षितिजाने त्यांना मध्येच अडवलं. "बाबा, तिकडे थंडी किती असते, हे आईने मला तीनदा विचारलंय. स्टेशनवर सांगून ठेवलं तर चाकांची खुर्ची घेऊन माणूस येतो, गाडीत बसवून देतो, उतरवून घेतो."

"आईला खुर्चीत बसवायचं? काय वाटेल तिला?"

"मग तुम्हीच सांगा तिला काय ते. शनिवारी तिकिटं खुली होतायत, तोवर कळवा."

गुरुवार असाच गेला. शुक्रवारी सकाळी चंद्रहासराव पाव आणायला खाली उतरले, तर फाटकाजवळच्या बाकावर लूर्डसबाई घाम पुसत बसलेल्या. तळमजल्यावर राहणाऱ्या, माहेर जवळच्याच गास गावचं. रोज पहाटे मीराताई त्यांच्याबरोबर फिरायला जात. त्या फिरण्याला चंद्रहासराव आजवर 'गप्पांची बैठक' म्हणत आले होते.

"मीरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"येल ती मागून. गासच्या रस्त्यावरून मी अर्ध्यातनं मागे फिरले, ती गेली पुढे. तिच्यासंगती कोन धावनार?"

"धावणार? अहो, गुडघे दुखतात तिचे."

लूर्डसबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मीराताईचे? कोनी सांगितलं तुम्हाला?"

चंद्रहासराव काही बोलणार, तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला मीराताई दिसल्या. ओढणी कमरेला गाठ मारलेली, पायात बूट, हात हलवत अशा झपाझप येत होत्या की दूधवाल्याने सायकल बाजूला घेतली. चाळीस पावलांवर आल्यावर त्यांना नवरा दिसला. आणि दिसल्याबरोबर त्यांची चाल आपोआप मंदावली. संध्याकाळची चाल.

चंद्रहासरावांना तिथेच उभ्या उभ्या सगळं कळलं. साचे घडवणाऱ्या माणसाला ही गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. फिरत्या यंत्रात दोन भाग जोडीने बसवलेले असले आणि मोजमापाचा काटा हलला, तर दोष कशात आहे ते एकत्र मोजून कळत नाही. भाग सुटे करायचे आणि वेगवेगळे मोजायचे. ही चूक करणाऱ्या पोरांना त्यांनी बत्तीस वर्षं झापलं होतं. आणि आता तीन आठवडे त्यांनी दोघांना मिळून मोजलं होतं, आणि दोष बायकोच्या नावावर लिहून टाकला होता.

घरी आल्यावर त्यांनी पावाची पिशवी ओट्यावर ठेवली. "संध्याकाळी तू पुलावर का थांबतेस?"

मीराताईंनी बूट काढले. "तुम्हाला धाप लागते म्हणून," त्या म्हणाल्या. "तुम्ही बस म्हणत नाही. घड्याळ बघत ओढत राहता. मग मीच थांबते."

दोन वर्षांपूर्वी चंद्रहासरावांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. त्यांच्या हिशेबी ती दुरुस्ती पूर्ण झाली होती. त्यांचा चेहरा लाल झाला. "मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही क्योटो रद्द केलंत, मला सांगितलंत?"

ते खाली बसले. म्हणजे पोरीने सांगितलं होतं.

"बुधवारीच कळलं मला," मीराताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच चंद्रहासरावांना जास्त लागलं. "पोरीलाही खरं सांगितलं नाही. म्हटलं, आपण होऊन बोलाल. नसतात बोलला तर मीही नसते बोलले. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय मी, नेहमीची तपासणी सांगून नेणार होते तुम्हाला. ते जा म्हणाले तर जाऊ, नाहीतर राहू दे क्योटो. चित्रात तीस वर्षं बघितलंय की. पण तुम्ही थकलात हे तुमच्या तोंडावर मी कसं सांगू? दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही किती जपून ताठ चालता ते मला दिसत नाही का?"

चंद्रहासरावांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत, लपवता येण्यासारखं राहिलंही नव्हतं. तीस वर्षं जपलेली एक इच्छा ही बाई अशी हातावेगळी करून टाकणार होती, आणि तीही कुणाला कळू न देता, फक्त त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून. त्यांनी तिचा हात धरला. त्या हाताला अजून चालण्याची ऊब होती.

मग त्यांनी क्षितिजाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"बोला बाबा," क्षितिजा म्हणाली. "ठरलं का? नको ना काढू?"

"काढ. दोघांची. सोमवारी डॉक्टर हो म्हणाले तर जाणार. नाही म्हणाले तर मग बघू." ते थांबले. "आणि ती खुर्ची म्हणाली होतीस ना तू, चाकांची, ती सांगून ठेव. टोकियोला पण आणि क्योटोला पण."

"सांगते. आईला समजावलंत ना पण? तिला वाईट नको वाटायला."

"आईसाठी नाही गं," चंद्रहासराव म्हणाले. "माझ्यासाठी."

मीराताई नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांच्या त्रेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने स्वतःसाठी मदत मागितल्याचं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपायला हात नेला, पण अंगावर ओढणी होती आणि ती अजून कमरेला बांधलेली. मग तळहातानेच चेहरा पुसून त्या फोनवर वाकल्या.

"क्षितू, त्यांना म्हणावं नुसती खुर्ची द्या," त्या म्हणाल्या. "माणूस नको. ढकलायला मी आहे."