भिंतीकडची जागा

गेवराईच्या पेठेत ईश्वरप्पांचे किराणा दुकान होते. पण गाव त्यांना ओळखे ते अर्जांमुळे. नाली तुंबली, खांबावरचा दिवा गेला, की ईश्वरप्पांचा अर्ज गेलाच म्हणून समजावे. पन्नाशी उलटलेल्या पदवीधर माणसाने मुकाट का राहावे, असा त्यांचा रोकडा सवाल असे. वाळूचे टिप्पर दुकानांसमोरून भरधाव जातात, हा त्यांचा शेवटचा अर्ज. त्यापायी टिप्परवाल्या अंगदने भर पेठेत त्यांची गचांडी धरली आणि ईश्वरप्पांनी हाती आलेले दोन किलोचे वजन त्याला हाणले. परस्परांविरुद्ध गुन्हे नोंदले गेले; दोघेही कच्चे कैदी झाले.

अशा दोघांना वेगळे ठेवायला हवे, हे शेंबडे पोरही सांगेल. पण ठेवणार कुठे? पन्नासांच्या बराकीत दीडशे माणसे कोंबलेली. सगळे एका कुशीवर. एकाने कूस बदलली की अख्खी ओळ बदलायची. अर्ध्या भिंतीआड एकच संडास, आणि त्याचा ओघळ शेवटच्या पथारीपर्यंत. खरजेने प्रत्येकाची बोटे सोललेली. त्या ओळीत ईश्वरप्पांच्या पाठीला चिकटून अंगद.

ईश्वरप्पांच्या गळ्यात, दोऱ्यात बांधलेले, लिंगायतांचे इष्टलिंग होते. लहानपणी मठात बांधल्यापासून ते कधी उतरले नव्हते. पहिल्याच दिवशी अंगदने मागून त्याच्या दोऱ्यात बोट अडकवले.

"अप्पा, दोरा लई चिवट हाय की!"

"हात काढ."

"काढतो. घाई कावून करता? आपल्याला जायचंय कुठं?"

बराक खदखदून हसली. त्या दिवसापासून ईश्वरप्पांची झोप उडाली. ओळीने कूस बदलली की त्यांचा हात आपोआप गळ्याकडे जाई.

त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांना गाठून दोऱ्याचे सांगितले आणि दुसरी बराक मागितली.

"दुसऱ्या बराकीत माणूस उभा राहत नाही, अप्पा. तुमच्यासाठी नवी बांधू? एवढी भीती वाटते तर दोरा काढून कार्यालयात जमा करा."

लिंग जमा करा! ईश्वरप्पा तसेच परतले.

आता एकच आशा उरली होती. तारखेला न्यायाधीश पडद्यावर दिसत आणि प्रत्येकाला तक्रार विचारत. ईश्वरप्पांनी वाक्य घोटून ठेवले: 'माझ्या जिवास धोका आहे, मला अन्यत्र हलवण्याचा आदेश व्हावा.' अशी वाक्ये त्यांनी आयुष्यभर लिहिली होती. हे फक्त उच्चारायचे होते.

पडद्याची खोलीही खच्चून भरलेली. एक कैदी कॅमेऱ्यापुढे, पुढचा त्याच्या पाठीला खेटून. ईश्वरप्पांच्या मागे अंगदचाच पुकारा होता. पडद्यावर न्यायाधीश उमटले, आणि ईश्वरप्पांच्या मानेवर एक ओलसर बोट टेकले. ते दोऱ्याखाली शिरले आणि सावकाश वळू लागले. कॅमेऱ्याला फक्त चेहरा दिसत होता.

"काही तक्रार?"

दोरा गळ्यात रुतला. लिंग हनुवटीखाली आले.

"बोला. काही तक्रार आहे का?"

"नाही, साहेब," ईश्वरप्पा म्हणाले. "काही तक्रार नाही."

पुढची तारीख पडली. बोट निघाले.

संध्याकाळी बंदी झाली, बराकीला कुलूप लागले. अंगदने भिंतीलगतची आपली पथारी उचलून अलीकडे टाकली.

"या अप्पा. आजपासून भिंतीकडची जागा तुमाला. तिकडून कुणाचा धक्का न्हाई."

त्या बाजूला भिंत, या बाजूला अंगद. ईश्वरप्पा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यांनी गळ्यातला दोरा सोडला, जन्मात पहिल्यांदाच, आणि लिंग मुठीत घट्ट धरले.

मागून अंगद हसला. "काढला व्हय? बरं झालं. आता द्या तो इकडं."